कोर्टाची पायरी राज्याराज्यांत वेगळी: अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळे

विषय: लघुदावा न्यायालयांविषयी आपापल्या राज्याची माहिती सभासदांना मराठीतून देण्याबाबत

स.न.वि.वि.

मी गेली १८ वर्षे न्यू जर्सीत राहते आणि त्याआधीची ६ वर्षे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, काढली. दोन्हीकडच्या मंडळांनी मला परक्या मुलखात माणसे दिली, माझ्या मुलांना मराठी शाळा दिली आणि अडीअडचणीला घरचा डबा पोहोचवणारे शेजारी दिले. त्यामुळे हे पत्र तक्रारीचे नाही, हक्काने केलेल्या मागणीचे आहे. मागणी एवढीच आहे की प्रत्येक मंडळाने आपापल्या राज्यातील लघुदावा न्यायालयाची, म्हणजे इथे सगळे ज्याला स्मॉल क्लेम्स कोर्ट म्हणतात त्याची, नेमकी आणि ताजी माहिती मराठीतून सभासदांपुढे ठेवावी. ही मागणी मी का करते आहे ते सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तिच्यामागे माझ्या हातून झालेली एक चूक आहे.

माझा भाचा टेक्सासमध्ये, प्लेनोला, नोकरीला होता. मे महिन्याच्या अखेरीस त्याने भाड्याचे घर सोडले, किल्ल्या परत दिल्या, आणि १,४०० डॉलरची अनामत रक्कम परत येण्याची वाट पाहत बसला. महिना झाला तरी रक्कम येईना, तेव्हा त्याने मला फोन केला. मी त्याला अगदी आत्मविश्वासाने सांगितले की ३० दिवसांत रक्कम परत केली नाही तर घरमालकाला दुप्पट द्यावी लागते, आणि दावा लावलास तर घाबरू नकोस, कारण त्या कोर्टात वकिलांना उभेच राहू देत नाहीत. पहिले वाक्य न्यू जर्सीच्या कायद्याचे होते आणि दुसरे कॅलिफोर्नियाच्या. टेक्सासचे त्यात काहीच नव्हते. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे भाडेकरूने आपला पुढचा पत्ता लेखी कळवल्याशिवाय रक्कम परत करण्याचे बंधन घरमालकावर येतच नाही, आणि भाच्याने पत्ता दिला होता तो फक्त तोंडी, किल्ल्या देताना, कार्यालयातल्या मुलीला. हे आम्हाला कळले सप्टेंबरात, त्याने पाठवलेल्या मागणीच्या पत्राला उत्तर आले तेव्हा. मग त्याने रजिस्टर पोस्टाने पत्ता कळवला. त्यानंतर २७व्या दिवशी ६१० डॉलरचा चेक आला, सोबत रंगकाम आणि साफसफाईच्या कपातीची यादी होती. ती यादी खोडून काढता आली असती, असे मला आजही वाटते. परंतु तोवर त्याची बदली नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला, झाली होती आणि दावा लावायचा तर टेक्सासमध्येच, जिथे घर होते त्या भागातल्या न्यायालयात लावावा लागणार होता. विमानाचे तिकीट, दोन दिवसांची रजा आणि हॉटेल यांचा हिशेब करून त्याने ७९० डॉलरवर पाणी सोडले. फोनवर तो मला एवढेच म्हणाला, "मावशी, तू म्हणाली होतीस म्हणून मी थांबलो." त्या वाक्याने मला हे पत्र लिहायला बसवले.

माझ्यासारख्या, चार पावसाळे जास्त पाहिलेल्या माणसांचा सल्ला हाच आपल्याकडे नव्या माणसाचा पहिला आधार असतो, आणि बहुतेक बाबतींत तो चालतोही. भाजी कुठे मिळते, डॉक्टर कोणता चांगला, गाडी कशी निवडावी, याबाबतीत ह्यूस्टनचा सल्ला सिॲटलला फारसा चुकत नाही. न्यायालयाच्या बाबतीत मात्र तो हमखास चुकतो. या देशात लघुदाव्यांचा कायदा संपूर्ण देशासाठी एक नाही. तो प्रत्येक राज्याचा वेगळा आहे, आणि काही ठिकाणी एकाच राज्यातही गावागणिक बदलतो. साध्या माणसाला वकिलाशिवाय, थोड्या खर्चात आणि थोड्या दिवसांत न्याय मिळावा म्हणून ही व्यवस्था उभी राहिली. तिच्या आरंभाच्या प्रयोगांपैकी एक १९१३ साली क्लीव्हलंडच्या नगर न्यायालयात झाला, आणि मग एकेका राज्याने आपापल्या सोयीने ती उचलली. म्हणून उद्देश सगळीकडे सारखा आहे, पण मर्यादा, शुल्क, वकील, अपील आणि वसुली यांचे नियम सारखे नाहीत.

सर्वात आधी रकमेची मर्यादा पाहा. केंटकी आणि टेनेसी ही शेजारशेजारची राज्ये आहेत. केंटकीत लघुदावा २,५०० डॉलरपर्यंतच लावता येतो, आणि सीमा ओलांडून टेनेसीत गेले की तिथल्या जनरल सेशन्स कोर्टात तीच मर्यादा २५,००० डॉलर होते. एका राज्यात ज्याला बहुधा वकील करावा लागेल, तोच माणूस तासाभराच्या अंतरावर राहत असता तर स्वतःचे कागद घेऊन स्वतः उभा राहू शकला असता. आपली वस्ती जिथे दाट आहे ती राज्ये घेतली तरी चित्र असेच आहे. कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, टेक्सासच्या जस्टिस कोर्टात २०,००० पर्यंत, जॉर्जियाच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात १५,००० पर्यंत, इलिनॉय आणि वॉशिंग्टनमध्ये १०,००० पर्यंत, मॅसॅच्युसेट्समध्ये ७,००० पर्यंत. न्यूयॉर्क शहरात मर्यादा १०,००० आहे, त्याच राज्यातल्या इतर शहरांच्या न्यायालयांत ५,००० आणि गावा-खेड्यांच्या न्यायालयांत ३,०००. म्हणजे त्याच राज्यातल्या ऑल्बनीच्या मंडळाने न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सच्या मंडळाचे माहितीपत्रक जसेच्या तसे छापले तर तेही चुकेल.

न्यायालयांची नावेही एक नाहीत, आणि नुसत्या नावावरून नवा माणूस गोंधळतो. टेक्सासमध्ये स्मॉल क्लेम्स कोर्ट नावाचे न्यायालय २०१३ साली बंद झाले आणि ते काम जस्टिस ऑफ द पीसकडे, म्हणजे जस्टिस कोर्टाच्या न्यायाधीशाकडे, गेले. पेन्सिल्व्हेनियात तेच काम मॅजिस्टीरियल डिस्ट्रिक्ट जज करतात. न्यू जर्सीत ते सुपीरिअर कोर्टाच्या स्पेशल सिव्हिल पार्टमधले एक दालन आहे. मुंबईहून आलेल्या माणसाच्या डोक्यात तर आणखी एक घोटाळा असतो. स्मॉल कॉजेस म्हटले की त्याला १८८२च्या कायद्याखाली चालणारे आपले लघुवाद न्यायालय आठवते, जिथे पागडीच्या आणि भाडेकरूच्या खटल्यांत आजोबांनी लावलेला दावा नातवाच्या नावावर चालतो. ते आठवले की माणूस इथेही हात झटकतो. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण त्या अनुभवातून आली आहे आणि तिच्या जागी ती खरी आहे. परंतु फ्रीमाँटला मी स्वतः लावलेला दावा अर्ज केल्यापासून दीड महिन्यात सुनावणीला आला, सुनावणी २० मिनिटांत आटोपली आणि निकाल टपालाने घरी आला. या दोन पायऱ्यांची उंची सारखी नाही, हे आपण आपल्या माणसांना कधीच सांगितलेले नाही.

त्या दाव्यातली एक गोष्ट इथे सांगते, कारण ती कोणत्याही राज्यात उपयोगी पडेल. आमच्या संकुलाच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक नाव होते, भाड्याचे चेक आम्ही त्याच नावाने लिहीत होतो, आणि दावाही मी त्याच नावावर लावायला निघाले होते. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीत लघुदाव्यांसाठी विनामूल्य सल्लागार असतो. त्या बाईंनी माझा भाडेकरार मागून घेतला, थेट शेवटच्या पानावर गेल्या, आणि सहीच्या खाली बारीक अक्षरांत छापलेल्या एका मर्यादित कंपनीच्या नावावर बोट ठेवले. त्या म्हणाल्या, पाटीवरचे नाव हे फक्त पाटीचे नाव आहे, त्या नावाचा निकाल घेऊन बँकेत गेलात तर खाते सापडणार नाही. मग राज्याच्या सचिवालयाच्या नोंदीत त्या कंपनीच्या वतीने समन्स कोणी स्वीकारायचे, हेही त्यांनी मला शोधायला शिकवले. ही १५ मिनिटे मला मिळाली नसती तर माझा निकाल कागदावरच राहिला असता. अशी मोफत मदत आपल्या राज्यात कुठे मिळते, ही मंडळाच्या पानावरची पहिली ओळ असावी असे मला वाटते. न्यू जर्सीत सल्लागार नाही, पण प्रत्येक न्यायविभागात ऑम्बड्समनचे कार्यालय आहे आणि तिथली माणसे प्रक्रिया समजावून देतात.

आता खर्चाविषयी. दाव्याचे शुल्क ऐकून लोकांना आश्चर्य वाटते, कारण ते त्यांनी कल्पिलेल्यापेक्षा फार कमी असते. कॅलिफोर्नियात १,५०० डॉलरपर्यंतच्या दाव्याला ३० डॉलर, ५,००० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५. न्यूयॉर्क शहरात १,००० डॉलरपर्यंत १५ आणि त्यावर २०. न्यू जर्सीत एका प्रतिवादीसाठी ३५ आणि पुढच्या प्रत्येकासाठी ५. टेक्सासमध्ये ५४. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र रकमेप्रमाणे ४० पासून १५० डॉलरपर्यंत. ज्यांना हेही परवडत नाही त्यांना शुल्कमाफीचा अर्ज करता येतो, आणि जिंकल्यास हे शुल्क सहसा निकालाच्या रकमेत धरले जाते. खरा खर्च शुल्कापलीकडचा असतो. समन्स प्रतिवादीच्या हाती पोहोचवणे, ज्याला आपल्याकडे बजावणी म्हणतात, त्याचे नियम आणि दर पुन्हा राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात वादीला स्वतः बजावणी करता येत नाही, ती १८ वर्षांवरील त्रयस्थाने करायची किंवा न्यायालयाच्या लिपिकामार्फत पोस्टाने करवून घ्यायची. टेक्सासमध्ये कॉन्स्टेबलकरवी बजावणी केली तर तिचे शुल्क काउंटीप्रमाणे बदलते आणि बऱ्याचदा दाव्याच्या शुल्काहून जास्त असते. त्यात कामावरची एक दिवसाची बिनपगारी रजा धरा. तासावर काम करणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींना ही रजाच सर्वात महाग पडते.

अनामत रकमेच्या दाव्यात एक बारकावा असा आहे, जो मला माझ्याच राज्यात उशिरा कळला. न्यू जर्सीत घरमालक दीड महिन्याच्या भाड्याइतकी अनामत घेऊ शकतो. भाडे २,२०० डॉलर धरले तर अनामत ३,३०० होते, आणि ३० दिवसांत ती हिशेबासह परत न केल्याबद्दल दुप्पट मागायची तर दावा ६,६०० चा होतो. लघुदाव्याची मर्यादा २०२२ पासून ५,००० आहे. भाडेकरूने ४० डॉलर वाचवण्यासाठी लघुदावाच लावला तर वरच्या १,६०० डॉलरवरचा हक्क त्याने स्वतःहून सोडल्यासारखे होते. उलट त्याच इमारतीतल्या स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये नेहमीचा दावा लावला तर शुल्क ७५ डॉलर पडते, पण मर्यादा २०,००० असते. टेबलामागचा लिपिक कोणता मार्ग धरा हे सांगणार नाही. तो सल्ला ठरतो आणि सल्ला द्यायची त्याला मुभा नाही. टेक्सासमध्ये ही समस्याच येत नाही, तिथे घरमालकाने रक्कम वाईट हेतूने अडवली असे ठरले तर अडवलेल्या रकमेच्या तिप्पट, वर १०० डॉलर आणि वकिलाचा वाजवी खर्च, हे सगळे २०,००० च्या आत सहज बसते. कॅलिफोर्नियात परतफेडीची मुदत २१ दिवस आहे, न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून १४ दिवस.

वकिलांचा प्रश्न मी भाच्याला चुकीचा सांगितला, म्हणून तोही इथे स्पष्ट करते. कॅलिफोर्निया, मिशिगन आणि नेब्रास्का येथे लघुदाव्याच्या सुनावणीत वकील सहसा उभा राहू शकत नाही. टेक्सास आणि न्यू जर्सीत राहू शकतो. समोरून वकील येणार आहे हे आधीच माहीत असलेला माणूस कागद नीट लावून येतो. सकाळी दारातच ते कळले की त्याचे पाय गळतात आणि व्हरांड्यातच पडेल त्या रकमेला तडजोड होते. तडजोडीत वाईट काही नाही. न्यू जर्सीत तर सुनावणीच्या दिवशी आधी मध्यस्थाकडेच पाठवतात. पण ती घाबरून झालेली नसावी.

अपिलाचा नियम सगळ्यांत कमी लोकांना माहीत असतो, आणि तो दावा लावण्यापूर्वी माहीत असायला हवा. कॅलिफोर्नियात ज्याने दावा लावला त्याला, आपल्या दाव्यापुरते, हरल्यास अपील नाही. प्रतिवादीला मात्र ३० दिवसांत आहे, आणि मग सारे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐकले जाते. टेक्सासमध्ये दोघांनाही २१ दिवसांत काउंटी कोर्टात जाता येते. न्यू जर्सीत मुदत ४५ दिवसांची आहे, पण तिथे नव्याने साक्षीपुरावा होत नाही.

न्यूयॉर्क शहरात हा प्रश्न एका शब्दावर ठरतो, आणि ते मी क्वीन्सच्या न्यायालयात माझ्या डोळ्यांनी पाहिले. ओळखीच्या एका मावशींनी स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी एका माणसाला २,३०० डॉलर आगाऊ दिले होते आणि तो फिरकला नव्हता. त्यांना सोबत म्हणून मी गेले होते. तिथे लघुदावे संध्याकाळी साडेसहाला चालतात, दिवसा काम करणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. लांब बाकांवर माणसे मांडीवर पिशव्या आणि पाकिटे घेऊन बसलेली होती. लिपिक नावे पुकारत होता आणि ज्याचे नाव येई तो उभा राहून "रेडी" म्हणत होता. नुसते "रेडी" म्हटले तर प्रकरण लवादाकडे जाते, ते त्याच संध्याकाळी ऐकले जाण्याची शक्यता जास्त असते, पण त्याच्या निर्णयावर अपील नसते. "रेडी बाय द कोर्ट" म्हटले तर न्यायाधीशांपुढे जाते, थांबावे लागते, कदाचित पुढची तारीख मिळते, पण अपिलाचा मार्ग उघडा राहतो. आमच्या पुढच्या बाकावरच्या वृद्ध गृहस्थांना हा फरक ठाऊक नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. मावशींना तो मी आदल्या रात्री समजावला होता. त्यांनी विचार करून लवाद निवडला, कारण त्यांच्याकडे पावती होती, मोबाईलवरचे संदेश होते, आणि पुन्हा जर्सी सिटीहून मुलीला रजा टाकून बोलवायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांना १,९०० डॉलर मंजूर झाले.

त्याच संध्याकाळची आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. अर्जावर दुभाष्याची भाषा विचारली होती, तिथे मावशींनी हिंदी लिहिले होते. मी विचारले, मराठी का नाही लिहिलेत? त्या म्हणाल्या, "मराठीचा माणूस इथे कुठला मिळायला, बाई." त्यांची हिंदी बाजारापुरती आहे, "आगाऊ", "कबूल केले होते", "टाळाटाळ" हे शब्द त्यांना ऐन वेळी सुचले नाहीत आणि त्या अर्धवट बोलून गप्प बसल्या. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीची न्यायालये दुभाष्या विनामूल्य देतात. मराठीसाठी आधी कळवावे लागते आणि कधी तारीख पुढे जाते, एवढेच. मराठी दुभाष्याची मागणीच कोणी नोंदवली नाही तर न्यायालयाने तरी ती गरज कशी ओळखावी? मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांच्या दृष्टीने ही एक ओळ बाकी सगळ्या माहितीइतकी मोलाची आहे.

निकाल हाती आला म्हणजे पैसे हाती आले असे होत नाही, हे सांगायचे कोणालाच सुचत नाही. वसुली वादीलाच करावी लागते. न्यायालय त्यासाठी साधने देते, ती मात्र राज्याप्रमाणे बदलतात. टेक्सासमध्ये साध्या कर्जासाठी पगारावर जप्ती आणता येत नाही. न्यू जर्सीत आणता येते, बँक खात्यावरही आणता येते. कॅलिफोर्नियाचा निकाल १० वर्षे टिकतो आणि त्याचे नूतनीकरण होते, न्यू जर्सीचा २० वर्षे टिकतो. ज्याच्यावर दावा लावायचा त्याचे खाते कोणत्या बँकेत आहे, हे त्याने कधी दिलेल्या जुन्या चेकवरून टिपून ठेवावे, एवढी साधी सूचनाही लोकांना वर्ष वर्ष धावपळीतून वाचवते.

यावर काही जण म्हणतील की मंडळाचे काम सण, शाळा आणि नाटक. न्यायालयाशी मंडळाचा काय संबंध? संबंध असा की हा कायदा ज्या सीमारेषांनी विभागलेला आहे, जवळजवळ त्याच रेषांनी आपली मंडळे विभागलेली आहेत. ऑस्टिनचे मंडळ टेक्सासविषयी लिहील, सिॲटलचे वॉशिंग्टनविषयी, अटलांटाचे जॉर्जियाविषयी. कोणतीही एक मोठी संस्था सगळ्या राज्यांचे एकच पत्रक काढेल तर ते पुन्हा माझ्या फोनवरच्या सल्ल्यासारखे होईल. शिवाय मर्यादा बदलत राहतात: कॅलिफोर्नियात मी दावा लावला तेव्हा, २००६ साली, ती ७,५०० होती, मग १०,००० झाली आणि २०२४ पासून १२,५०० आहे. जवळचे मंडळच हे बदल टिपू शकेल. दरवर्षी नवी कार्यकारिणी सूत्रे घेते, त्याच बैठकीत हे पान तपासायचे असा रिवाज पाडता येईल, आणि तपासणी त्या राज्याचा परवाना असलेल्या एखाद्या मराठी वकिलाकडून व्हावी. आपल्यात असे वकील आता पुष्कळ आहेत.

दोन काळज्या मला घ्याव्याशा वाटतात. माहिती देणे आणि सल्ला देणे यांत इथला कायदा फरक करतो. वकिलीचा परवाना नसलेल्याने कोणाच्या प्रकरणात कायद्याचा सल्ला देणे बेकायदा आहे. म्हणून मंडळाच्या पानावर मर्यादा, शुल्क, अर्जाचे नाव, न्यायालयाचा पत्ता, मुदती आणि मोफत मदतीची ठिकाणे असावीत. "तुम्ही दावा लावा" किंवा "तुम्ही नक्की जिंकाल" असे कोणी स्वयंसेवकाने म्हणू नये. दुसरी काळजी नाजूक आहे. आपल्यातले पुष्कळ वाद आपल्याच माणसांशी असतात: ओळखीतून घेतलेली खोली, तोंडी ठरलेले भाडे, मित्राला दिलेले हातउसने पैसे. अशा वेळी मंडळाने कोणाचीही बाजू घेऊ नये, पण दोघांनाही तीच माहिती द्यावी, आणि जो माणूस न्यायालयात गेला त्याला गणपतीत वाळीत टाकल्यासारखे वागवू नये. मी असे घडलेले पाहिले आहे, आणि ते मला फार लागले आहे.

व्हिसावर असलेल्या मुलांच्या भीतीविषयीही त्या पानावर दोन वाक्ये हवीत. दिवाणी दावा लावणे हा गुन्हा नव्हे आणि कॅलिफोर्नियाच्या किंवा न्यू जर्सीच्या लघुदाव्याच्या अर्जात व्हिसाचा रकानाही नाही. "उगाच रेकॉर्डवर नाव नको" म्हणून हजार-दोन हजार डॉलर सोडून देणारी मुले मला दरवर्षी भेटतात, आणि ती रक्कम त्यांच्या पहिल्या वर्षाच्या बचतीइतकी असते.

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनात सगळ्या मंडळांचे पदाधिकारी एकत्र येतात; तिथे या विषयासाठी एक तास मिळावा, अशी माझी विनंती आहे. तोवर वाट पाहण्याची मात्र गरज नाही. न्यू जर्सीचे पान मी लिहायला घेतले आहे. त्यात मिडलसेक्स आणि हडसन या दोन काउंट्यांच्या न्यायालयांचे पत्ते, दुभाष्या मागण्याची रीत, अनामत रकमेचे वर दिलेले गणित आणि मागणीच्या पत्राचा एक नमुना असेल. एका वकील मैत्रिणीने ते तपासून देण्याचे कबूल केले आहे, आणि गणेशोत्सवापूर्वी ते माझ्या मंडळाच्या सचिवांकडे पोहोचेल. टेक्सासच्या पानासाठी माझा भाचा स्वतःचे सगळे कागद द्यायला तयार आहे. प्लेनो-डॅलस भागातील मंडळाने कळवावे, म्हणजे तो त्यांच्याशी थेट बोलेल. पुढचा पत्ता लेखी कळवण्याची सूचना त्या पानावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत असावी, एवढी त्याची एक अट आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
न्यू जर्सीतील एक आजीव सभासद